सात मांगर

दुधाच्या तळाशी ठेवलेली बशी खडखडली आणि दुपारची जड शांतता मधोमध फुटली. सुगंधा उठली नाही. बशी थरथरत, ठणठणत सांगत होती की दूध वर येतंय, चुलीतली लाकडं ओढून घे, पण तिच्या हातातलं पेन शाईने भरलेलं होतं आणि कापडापासून अर्ध्या बोटावर थांबलेलं होतं. शाई भरली की रेघ ओढून मोकळं व्हायचं असतं, नाहीतर थेंब पडतो. रेघ तिच्याने ओढवत नव्हती. शेवटी ओटीवरून माईंचा, सासूबाईंचा आवाज आला, "गो, दूध उतू जाता मगो! खंय बसलंस?" तेव्हा ती पेन दौतीच्या झाकणावर टेकवून धावली. तोवर दूध चुलीत उतरून निखाऱ्यांवर चर्र झालं होतं आणि करपट वास घरभर भरला होता. सतरा दिवसांपूर्वी हा वास तिला नुसता करपलेल्या दुधाचा वाटला असता. चुटपुटली असती, बाळाच्या वाटणीचं गेलं म्हणून, एवढंच. आज तो नाकातून खाली उतरला तो थेट पोटात जाऊन मुरडून बसला. ती मागच्या पडवीतून बाहेर गेली आणि नारळीच्या आळ्यात आंबट पाणी ओकली. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं तापली, आणि तेवढ्यात मागे माई उभ्याच. "पाळण्यातलो अजून पाळण्यातून उतरूंक नाय," त्या म्हणाल्या, "आणि तुका परत ओकारे?"

"तसा नाय हो माई. वास येता."

"वास? घरात देवगडचो आंबो पिकता, आणि तुका वासान ओकारे येतत? नवलच ऐकलंय!"

आंबेच तर. कोठीच्या खोलीत गवत अंथरून, वर गवत घालून, भाईंनी दिलेली पहिली पेटी पिकत घातलेली होती. भाई म्हणजे जामसंड्याच्या वरची सगळी उतरण ज्यांची, ते बागाईतदार. काल स्वतः आले होते, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, मागे गड्याच्या डोक्यावर पेटी. ओटीवर बसून, मांडीवर थाप मारून म्हणाले, "जयरामा, तुझ्या नकाशान माझी साडेतीनशे कलमां वाचली रे. पयलो आंबो देवाक, दुसरो तुका!" आणि जयराम, तिचा नवरा, लाजून हसला होता, मान खाली घालून, नव्या जावयासारखा. सुगंधा दाराआडून बघत होती. ते हसू तिने कधीकाळी फार जपलेलं होतं. लग्न ठरताना देवबागेला तिच्या माहेरच्या अंगणात तो असाच हसला होता, आणि तिला वाटलं होतं, बाई, हा माणूस आपल्याला कधी ओरडायचा नाही. ओरडला नाहीच. काल तेच हसू बघून तिला वाटलं, आपण न बघता कशावर तरी पाय दिला आणि ते अजून गरम होतं. आज सकाळी नीरजाने, तिच्या पाच वर्षांच्या पोरीने, त्यातला एक पाडाचा, आधीच पिकलेला आंबा गवतातून उपसून खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळलेला, हनुवटीला गवताची काडी चिकटलेली, आणि "आये, गोड आसा, तू चाख ना" म्हणत तिने तो चोखलेला बाठा आईच्या तोंडाशी आणला. सुगंधाने तोंड फिरवलं. पोर हिरमुसली. आपल्या लेकराच्या हाताचा वास आपल्याला नकोसा व्हावा, याची तिला मग दिवसभर स्वतःचीच शिसारी येत राहिली.

ती परत नकाशाच्या फळीपाशी येऊन बसली. साडेतीनला जयराम मोजणीच्या कचेरीतून घरी येणार, नकाशा पत्र्याच्या नळीत घालणार आणि चारच्या एस्टीने रत्नागिरीला निघणार. जिल्ह्याच्या साहेबांनी स्वच्छ प्रत मागवली होती, ती त्यांच्याकडून पुढे पुण्याला जाणार होती. जळालेल्या उतरणीच्या चौकशीलाही तीच प्रत लागणार होती. आणि स्वच्छ प्रत म्हणजे सुगंधा. हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं. जयरामच्या हाताला घाम यायचा, आणि ट्रेसिंगच्या कापडाला पाण्याचा ठिपका सोसत नाही, फुगून पांढरा फोड येतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी असंच एक फोड आलेलं कापड तो घरी घेऊन आला होता, रडवेला. ती म्हणाली होती, बघू दे मला. तिचा हात कोरडा, रांगोळीने सरावलेला. तेव्हापासून तो पेन्सिलीने काढायचा आणि ती शाईने ओढायची, पोरं निजलेल्या दुपारी, स्वयंपाक उरकून, एक कान पाळण्याकडे ठेवून. खालच्या कोपऱ्यात त्याची सही.

हा वणव्याचा नकाशा मात्र दोघांचा होता, खरोखरीच दोघांचा. दोन वर्षांमागे सड्यावरचं, वरच्या कातळमाळावरचं गवत पेटून शाळा जळाली तेव्हा वरून हुकूम आला की आग कुठून कुठे जाते त्याचा अंदाज तयार ठेवा, म्हणजे माणसं कुठे धाडायची ते घटकाभरात ठरवता येईल. कचेरीत सगळे हसले. आगीचा नकाशा म्हणजे काय, वाऱ्याची जन्मपत्रिका? जयराम हसला नाही. सुटीच्या दिवशी तो कातळावर जाऊन बैलगाडीएवढे गवताचे तुकडे आखायचा, पेटवायचा, घड्याळ हातात धरून उभा राहायचा. सपाटीला इतकी मिनिटं, चढाला त्याच्या निम्मी, गुडघाभर गवत असेल तर आणखी कमी. भुवया जाळून घेऊन घरी यायचा आणि जेवताना ताटात बोटाने रेघा काढून दाखवायचा. सगळं जमत होतं, एक वारा सोडून. तेव्हा तिनेच सांगितलं होतं. तिचे वडील, दाजी, जन्मभर गलबतावर तांडेल. देवबागेला एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या, तिथे वाऱ्याची वेळ पोरींनाही पाठ. "सकाळी जमिनीकडचो, आणि फाल्गुनात दोन वाजले काय दर्यावरचो फिरता," ती म्हणाली होती, "दाजी शीड त्याच वेळेक फिरवीत." जयराम तिच्याकडे बघतच राहिला. मग तीन कापडं झाली, एकावर एक ठेवायची: खाली जमीन, मध्ये गवत आणि चढ, वर आगीच्या वेळा. दोनच्या आधीच्या रेषा फिक्या केशरी, दोननंतरच्या शेंदरी, उतरणीवरून वर चढत गेलेल्या, कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर वर्षांची वलयं असतात तशा. दिवाळीच्या आसपास तिने त्या ओढल्या. बाळ तीन महिन्यांचं होतं. त्या दुपारी ती फार सुखी होती. आपल्या बापाचा वारा आपल्या हाताने कापडावर उतरला म्हणून तिला आतून ऊब आली होती, दुधासारखी.

आणि त्या शेंदरी रेषांच्या वाटेत सात चौकोन होते. रिकामे. भरलेला काळा चौकोन म्हणजे घर, माणसांची वस्ती. नुसत्या रेघांचा रिकामा चौकोन म्हणजे मांगर. बागेतलं खोपट, गवत, कोयते, टोपल्या ठेवायचं, हंगामाला राखणदार निजायचं. आग लागली की माणसं आधी काळ्या चौकोनाकडे धाडायची, मग गोठ्याकडे, मग बागेकडे, मांगराकडे शेवटी, हा जयरामनेच बांधून दिलेला नियम कापडाच्या कडेला तिच्याच वळणदार अक्षरात होता. ते सात मांगर मुळात मांगर नव्हते. पाच-सहा वर्षांमागे, कुळकायद्याची कुणकुण लागली तेव्हा सगळ्याच बागाईतदारांनी एक केलं होतं. कुळांची घरं मोजणीत मांगर म्हणून लावून घेतली. घर लागलं तर घराखालची जमीन मागेल, मांगर काय मागणार? कुळंही हो म्हणाली. भिकाजीने, सड्याखालच्या पहिल्या घरातल्या म्हाताऱ्याने, स्वतः अंगठा उठवला होता. "भाई म्हणतत तर मांगर. आमी निजलंव म्हणजे झाला," असं म्हणाला होता तो, हे जयरामनेच तिला सांगितलं होतं, तेव्हा दोघं हसले होते. जयरामने त्या दिवशी चहा घेऊन चौकोन रिकामे ठेवले. खोटं असं त्यात काही नव्हतं, सगळ्या तालुक्यात तसंच होतं. मग वणव्याच्या नकाशाला जमिनीचं कापड हवं म्हणून त्याने तीच जुनी मोजणी खाली घेतली. जसेच्या तसे चौकोन. आणि तिने ते ओढले. चार रेघा, कोपरे टोकदार, शाई कोपऱ्यात साचू न देता. कोपरे फार छान आले होते.

सतरा दिवसांपूर्वी खालच्या अंगाला कोणाची तरी शेत भाजायची भाजावळ हाताबाहेर गेली. साडेबाराला धूर दिसला. पुढचं सगळं जयरामने त्या संध्याकाळी हात धुता धुता सांगितलं होतं. मामलेदारांनी नकाशा टेबलावर पसरला, तिन्ही कापडं जुळवली, पेटलं तिथे टाचणी रोवली. एक ट्रक, चाळीस माणसं, दोन अंगं: उत्तरेला भाईंची बाग आणि तिच्या पोटातली दोन काळी घरं, दक्षिणेला सात रिकामे चौकोन. मामलेदार नवे, देशावरचे. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "इथे कोण राहतं?" आणि जयराम म्हणाला, "मांगर आहेत, साहेब." ट्रक उत्तरेला गेला. वाटेत जी माणसं मिळाली ती भरून घेतली. भाईंच्या बागेत काम करणारी त्याच सात घरांतली बाप्ये-बायाही, हातात हिरव्या फांद्या देऊन. त्यांनी भाईंच्या कलमांखालचं गवत झोडून विझवलं. दोन वाजता वारा फिरला. आग शेंदरी रेषांवर पाय देत देत वर चढली, आणि सातही जळले. सहा घरांत कोणी नव्हतं. पहिल्या घरात भिकाजी होता. दोन वर्षं त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, बाजेवरून उठता येत नव्हतं, आणि बायको हौसाबाई लाकडांचा भारा विकायला देवगडात गेलेली. "पण एक गोष्ट सांगू?" टॉवेलने बोटं एकेक पुसत जयराम म्हणाला होता, "वारा फिरल्यापासून नकाशात चाळीस मिनिटं होती. आग पस्तीस मिनिटांत पोचली. पाच मिनिटांचा फरक, सुगंधा. फक्त पाच!" आणि ताटावर बसून त्याने भाताचा पहिला घास घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं होतं हे तिला आजवर कळलं नाही. तिला फक्त त्याची हलणारी कानशिलं दिसत राहिली, घास चावताना वरखाली होणारी.

त्या दिवसापासून तो घरातही कचेरीचं मराठी बोलायला लागला. "माझा अंदाज", "प्रत्यक्षात", "ही बाब". आधी हा माणूस घरात पाय टाकताच "गो, तान लागली, पाणी दी" म्हणायचा. आता "पाणी मिळेल का?" नवीन शब्द तोंडात आले तसे जुने खाली कुठे गेले असतील, असं तिच्या मनात यायचं, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही. रात्रंदिवस ज्या माणसाच्या घामाची कीव केली त्याच्या शर्टाच्या काखेतला पिवळा डाग धुताना आता तिची बोटं आपोआप आखडायची. साबण दोनदा लावायची. शर्ट स्वच्छ निघायचा, पण बोटांना काहीतरी चिकटून राहिलंय असं वाटत राहायचं, शेवग्याच्या डिंकासारखं.

आणि आज सकाळी हौसाबाई आली. बाळ जन्मल्यापासून तीच यायची, तेल लावायला, न्हाऊ घालायला. दुखवट्याचे दिवस संपवून आज पहिल्यांदा. पाटावर पाय लांब करून बसली, पायांवर बाळाला घेतलं, "माका तेल दी गो बाये," म्हणाली, जशी रोज म्हणायची. तिचे हात बाळाच्या पाठीवरून खाली गेले, पुन्हा वर आले, आणि बाळ ओळखीचं हुंकारलं. सुगंधाला वाटलं होतं, ही रडेल, मग आपण रडू, मग काहीतरी सुटेल. ती रडली नाही. नाक-डोळे आवळून बाळाचं कपाळ चोळत राहिली आणि मग सहज, पाण्याचं तापमान विचारावं तशी म्हणाली, "काल सायबाचो माणूस इल्लो. वहीत बघून म्हणता, थंय घरच नाय होता. मांगर होतो. मांगराचा काय देणत नाय सरकार, आणि परत बांधूकय दिणत नाय. बाये, तू शिकलेली, माका सांग. घर नाय होता, मगे माझो घोव खंय मेलो?" सुगंधाने गरम पाण्यात गार ओतलं. जास्त ओतलं. हौसाबाईने बोट बुडवून बघितलं आणि "गार झाला गो, पोर काकडात," एवढंच म्हणाली. पुन्हा तापवायला ठेवलं. निघताना तिने नेहमीसारखी बाळाच्या टाळूवर फुंकर घातली. उंबऱ्यावर तिच्या पायांचे तेलकट ठसे उमटले होते, ते सुगंधाने पुसले नाहीत. माईंनी पुसले.

आता फळीवर स्वच्छ प्रत. समुद्र झाला, खाडी झाली, रस्ता झाला, बाग झाली, साडेतीनशे कलमांचे बारीक गोल झाले, एकेक. उरले ते सात चौकोन, पेन्सिलीचे फिके. तिने आधी ओढले तसेच रिकामे ओढले तर चौकशीत लिहिलं जाईल की उतरणीवरचे सात मांगर जळाले. हौसाबाई जाईल कुठे तरी, कोणाच्या पडवीला. वर्षा-दोन वर्षांत तिथे भाईंची नवी कलमं लागतील. भिकाजी मेला ती जागा कुठल्याच कागदावर नसेल. आणि जयरामला बढती. घरात सायकल येईल, नीरजाला शाळेत घालताना गणवेश येईल. तिला दिसला तो गणवेश, निळा, परीटघडीचा. आपल्याच संसाराचं भांडं तळाशी कुजलंय आणि त्यातूनच आपण रोज वाढतोय, असं काहीतरी. तिने पेन उचललं. निब पुसलं, शाई पुन्हा भरली. पहिल्या चौकोनाच्या चार रेघा ओढल्या, कोपरे टोकदार. मग आत पेन टेकवलं आणि चौकोन काळा भरला. काठापासून आत, सावकाश, जसं बाळाच्या डोळ्यांत काजळ घालतात. मग दुसरा. मग तिसरा. कोणत्या घरात किती माणसं ते हौसाबाईच्या बडबडीतून तिला न विचारता ठाऊक झालेलं होतं. प्रत्येकाशेजारी तिने आकडा घातला. पहिल्या घराशेजारी दोनचा आकडा लिहिला, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'भिकाजी येथे वारले' असं लिहिलं. सातवा भरून झाला तेव्हा तिचा हात हलका होता, कोरडा होता. सतरा दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला.

साडेतीनला जयराम आला. चपला काढता काढता म्हणाला, "झालं ना?" फळीशी आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"ह्या काय?" कचेरीचं मराठी कुठल्या कुठे पळालं होतं. "ह्या काय केलंस गो?"

"घरां."

"मांगर आसत ते! मोजणीत मांगर आसत!"

"थंय माणूस मेलो."

"मेलो तो मेलो! मी मारलंय तेका?" तो माईंकडे बघून एकदम आवाज खाली आणत म्हणाला, "सुगंधा, समजून घे. चौकशीत विचारतील, घर होतं तर साहेबांना मांगर कोणी सांगितलं? माझं नाव येईल. नोकरी जाईल माझी."

"येवं दे. तुमीच सांगितलास मा?"

"आणि खाणार काय आपण?"

तिने कोठीच्या खोलीकडे बघितलं. "आंबे आसत," ती म्हणाली.

त्याने ते ऐकलं, चेहरा एकदा पांढरा आणि मग लाल झाला. शाई खरवडायचं पातं उचलून तो पहिल्या चौकोनावर वाकला. त्याच्या बोटांना आधीच घाम फुटला होता. पातं टेकण्याआधीच मनगटावरून एक थेंब ओघळला आणि समुद्रावर पडला. कापड तिथे फुगलं, पांढरा फोड आला. तो हात झटकून मागे सरकला. आणि मग, लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचं तेच रडवेलं तोंड करून, पातं तिच्यापुढे धरत म्हणाला, "तू कर. तुझो हात सुको आसा. पाया पडतंय तुझ्या."

तिने हात पदराखाली घेतले.

ओटीवरून माई विचारत होत्या, काय झालं रे, काय झालं. नाक्यावर एस्टीचा भोंगा वाजला. जयरामने कापड गुंडाळलं, नळीत सरकवलं, झाकण लागेना म्हणून दोनदा आपटलं. दारात थांबून, पाठ फिरवूनच म्हणाला, "मी सांगतलंय, बायलेन चुकी केल्यान म्हणून."

"सांगा. मगे कळात तरी, हात कोणाचो तो."

तो गेला. साहेबांपुढे तो काय सांगेल ते तिला ठाऊक नव्हतं, पण कापड गेलं होतं, काळ्या चौकोनांसकट, आणि दुसरं काढून देणारा हात तिच्याच खांद्याला होता. ती मागल्या दारी गेली, घंगाळातल्या पाण्याने हात धुतले, चेहरा धुतला. नारळीच्या झावळ्यांतून दर्यावरचा वारा येत होता, खारट, माहेरच्यासारखा. बाळ उठलं होतं, त्याला तिने अंगावर घेतलं, आणि दूध ओढताना त्याच्या गळ्यातून येणारा टक्-टक् आवाज ऐकत ती फळीशेजारी भिंतीला टेकून बसली. आपण स्वच्छ आहोत असं तिला वाटलं. इतक्या दिवसांनी, निदान आपण.

नीरजा फळीवर कोपरं टेकून उभी होती. स्वच्छ प्रत गेली तरी खालची जुनी कापडं तिथेच होती, एकावर एक, दिवाळीची, रंगीत. ती शेंदरी वलयांवरून बोट फिरवत होती.

"आये, ही रांगोळी?"

"नाय गो. आगीच्या वाटा त्या."

"आग अशी गेली?"

"हूं. अशीच गेली."

"मगे तुमी बघून काढलास?"

"नाय." बाळाच्या टाळूवरून हात फिरवता फिरवता, दमलेल्या, हलक्या आवाजात ती म्हणाली, "आधीच काढलेली. बाबांनी आणि मी. दिवाळीत."

नीरजाचं बोट वलयांवरून चढत चढत पहिल्या चौकोनापाशी आलं आणि तिथे थांबलं. तिने मान वर करून आईकडे बघितलं. डोळे मोठे, नितळ, त्यांत नुसती उत्सुकता.

"हौसाआजी तर रोज येय," ती म्हणाली. "तू तिका सांगितलंस?"